आयसीयूतला रिकामा रकाना

अगं, व्हेंटिलेटरचे आकडे तू चोख लिहितेस, पण चार्टवरचा शौचाचा रकाना कोराच. सलग 3 दिवस काही झालं नसेल तर राउंडला स्वतःहून सांग. फेंटानिल, मॉर्फिन या वेदनाशामकांनी आतडी मंदावतात; त्यात पडून राहणं, कमी पाणी, बीपी वाढवणारी औषधं. पोट फुगलं की श्वासपटल वर ढकललं जातं, श्वास उथळ होतो, व्हेंटिलेटर काढणं लांबतं. फीड, म्हणजे नळीतून दिलेलं अन्न, पचत नाही, उलटी फुफ्फुसात जायची भीती वेगळीच. म्हातारे बाबा रात्री नळ्या ओढायला लागले, तर झोपेचं औषध मागण्याआधी पोटावर हात ठेवून बघ. माझ्या मते निम्मी नर्सिंग तिथेच आहे.

थोडंथोडं पातळ गळतंय म्हणून लगेच जुलाब समजू नकोस. वर कडक शौचाचा खडा अडकलेला असू शकतो. गुदतपासणीबद्दल डॉक्टरांना विचार. लॅक्टुलोज, बिसाकोडिल ही पोट साफ करायची औषधं डॉक्टरांच्या ऑर्डरशिवाय नाही, आतड्यात अडथळा नाही ना, हे आधी बघावं लागतं.

आणि आपल्या जळगावात नातेवाईक केळी नि इसबगोल घेऊन येणारच! कमी पाण्यावर, पडून असलेल्या पेशंटच्या पोटात इसबगोल घट्ट बसतं, फीडची नळीही तुंबते. पुडी गोड बोलून परत कर.