‘प्रभूनं दाखवलं’ म्हटल्यावर पुढे काय बोलायचं?

“पाळकाईचं नाई ऐकलं, तं देवाचं नाई ऐकलं असं होते का जी?”

यवतमाळकडच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून (चर्चमधून) येणारी माणसं हा प्रश्न मला वारंवार विचारतात. या वेळी विचारणारी दारव्हा तालुक्यातली तिशीतली विधवा होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नवऱ्याने कर्जापायी आत्महत्या केलेली. दोन लेकरं, थोडी कोरडवाहू पराटी (कपाशी). पुसदकडच्या एका विश्वासणाऱ्या (ख्रिस्ती) टेम्पोचालकाने तिला मागणी घातली होती आणि तिच्याही मनात होतं. पाळक, म्हणजे मंडळीचे धार्मिक पुढारी, म्हणाले, “प्रभूनं मला दाखवलंय, हे लग्न तुझ्यासाठी नाही.” ती गप्प राहिली, पण त्या माणसाला नकारही कळवला नाही. पुढच्या प्रभूभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर वाटून घेण्याच्या विधीला) भाकरीची थाळी तिच्यासमोरून न थांबता शेजारणीकडे गेली. त्याच आठवड्यात धाकट्याला डेंग्यू झाला.

“मले वाटलं, हे माह्याच्यानंच झालं.”

त्यामुळे आधी डेंग्यूचंच बोलावं लागलं. गावात ताप कोणाकोणाकडे होता, हे तिनेच आठवून सांगितलं. बहुतेक घरं मंडळीतली नव्हतीच. मग घरामागच्या उघड्या टाक्यातल्या अळ्यांवर आलो.

तिच्या परवानगीने पाळकांना भेटले. त्यांना खलनायक ठरवणं सोपं होतं, पण नवरा गेला तेव्हा तहसीलच्या चकरा मारून सरकारी मदतीची कागदपत्रं पूर्ण करणारे तेच होते. “दाखवलं म्हणजे नेमकं काय झालं?” मी विचारलं. बराच वेळ ते खिशातल्या पेनचं टोपण काढत-लावत राहिले. मग म्हणाले, “त्या माणसाचा डोळा ठेवीवर आहे, असं भेव वाटते जी मले.”

मदतीच्या 1 लाखापैकी 30 हजार हातात मिळाले होते आणि 70 हजार ठेवीत होते. पाळकांची भीती अगदी रास्त होती. ती तशीच सांगितली असती, तर तिला पडताळून बघता आली असती. ‘प्रभूनं दाखवलं’ म्हटल्यावर ती काय बोलणार? अंदाजावर देवाचा शिक्का बसला आणि प्रश्न विचारणंच बंड ठरलं.

आम्ही बायबलमधलं 1 करिंथ 7 (प्रेषित पौलाच्या पत्रातला सातवा अध्याय) उघडलं. विधवेच्या पुनर्विवाहाचाच विषय. ती हवं त्याच्याशी लग्न करायला मोकळी आहे, फक्त ते प्रभूमध्ये असावं, असं पौल लिहितो. तशीच राहिली तर अधिक सुखी होईल असंही त्याला वाटतं, पण हे आपलं मत आहे असं तो स्पष्ट सांगतो. त्याच अध्यायात प्रभूची आज्ञा कुठली आणि आपलं म्हणणं कुठलं, हे त्याने वेगळं केलं आहे. प्रभूने पाठवलेला प्रेषित असून! पाळकांनी या अध्यायावर संदेश दिलेला होता. तरी ते दोन-तीनदा वाचत राहिले.

थाळीबद्दल मी जरा कडक बोलले. मत्तय 18 मध्ये चुकलेल्या भावाला समजावण्याच्या पायऱ्या आहेत: आधी एकांतात बोलणं, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. आणि तेही पापासाठी. पाळकाचं मत न पटणं हे पाप नव्हे.

‘माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका’ हे वचन अशा वेळी हटकून पुढे येतं. स्तोत्र 105 मध्ये तो इशारा राजांना आहे, परमुलखात भटकणाऱ्या, संख्येने थोड्या असलेल्या लोकांच्या वतीने. आपल्याकडे तो नेमका उलटा, पाळकांना प्रश्न विचारणाऱ्यांविरुद्ध वापरतात. इब्री 13:17 पुढाऱ्यांचं ऐका म्हणतं, हे खरंच. पण त्याच ओळीत पुढाऱ्यांनाही हिशेब द्यायचा आहे.

तुमच्या पाळकांनी असं काही सांगितलं तर नम्रपणे विचारा: “हे वचनात कुठे आहे, की तुमचं मत आहे?” मत असेल तर त्यामागचं कारण विचारा. चांगला पाळक रागावला तरी नंतर सांगतो. मात्र शापाची धमकी, पैसा किंवा अंगाशी लगट करणं असेल, तर तिथे एकट्याने बोलायला जाऊ नका. घरच्यांना सांगा, गरज पडली तर पोलिसांकडे जा.

हे पाळक तिच्या घरी गेले आणि सासूसमोर म्हणाले, “ते माझं मत होतं.” मग तिनेच त्यांना पुसदला चौकशी करायला सांगितलं. टेम्पोचे हप्ते थकलेले निघाले, व्यसनाचं काही निघालं नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी तिला सांगितल्या, स्वतःचं मत मात्र तिने विचारल्यावरच दिलं. हप्ते फिटेपर्यंत लग्न थांबवायचं तिने ठरवलं आहे, आणि ठेव लेकरांसाठीच राहील ही अट घातली आहे.