बारा डझन कप

आदरणीय ताई, सलाम.

मी कोपरखैरण्याला राहते, माहेर राहुरीकडचं. आमच्या चर्चची मराठी मंडळी लहान आहे, ऐंशी-नव्वद माणसं. गेली दोन वर्षं आमच्याच हॉलमध्ये दुपारी आफ्रिकन लोकांची इंग्रजी भक्ती होते. नायजेरिया, टांझानिया, काँगोकडचे चाळीसेक जण आहेत, काही शिकायला आलेले, काही व्यापारातले. आमचे नवे पाळकसाहेब तरुण आहेत. त्यांनी ईस्टरपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही मंडळ्यांची उपासना एकत्र सुरू केली, प्रभुभोजनाचा विधीसुद्धा. तेव्हापासून घराघरांत धुसफूस आहे. माझे मिस्टर पंचकमिटीत खजिनदार आहेत. ते म्हणतात, हॉल भाड्याने दिलाय तेवढं पुरे. सहा कुटुंबं दुसऱ्या चर्चला जायची भाषा करतात. ढोल, नाच, पेपरात येणाऱ्या पोलिसांच्या धाडी, सगळं उकरून काढतात. माझी मुलं पाळकसाहेबांच्या बाजूची. जेवायच्या टेबलावर कुणी कुणाशी बोलत नाही. आता तर नाताळही एकत्र करायचं चाललंय.

माझ्या मनात कसलाच भेदभाव नाही. मी महिला मंडळाची सेक्रेटरी आहे, एकत्र उपासनेनंतरचा चहा मीच बघते. त्यांच्यासाठी कागदी कप मी माझ्या पैशांनी आणते, कधी हिशोब मागितला नाही. (आपल्या लोकांसाठी सासऱ्यांच्या स्मरणार्थ आम्ही दिलेले बारा डझन चिनी मातीचे कप आहेत, वयस्कर मंडळींना ते बरे पडतात.) त्यांच्यातली एक मुलगी तर मला 'मम्मा' म्हणते, दर वेळी गुडघे टेकून नमस्कार करते. 'तुम्ही सर्व जण ख्रिस्त येशूच्या ठायी एकच आहात' हे गलतीकरांच्या पत्रातलं वचन यंदा नाताळच्या बॅनरवर घालावं, हेही मीच सुचवलंय. मी कुणाच्याच बाजूची नाही. दोन्ही बाजू शांत राहाव्यात म्हणून मी काय करू?

एक बहीण, कोपरखैरणे

*

प्रिय भगिनी, सलाम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसापाशी अडकले. मिस्टर, पाळकसाहेब, सहा कुटुंबं, ढोल, पोलीस यांच्यावर तुम्ही भरभरून लिहिलंय. कपांचं मात्र कंसात टाकून पुढे गेलात.

बारा डझन म्हणजे १४४. तुमची मंडळी नव्वद धरली आणि ते चाळीस, तरी झाले १३०. चौदा कप कपाटात उरतात. मग कागदी कप कशासाठी आणता?

धुवायचा त्रास, असं म्हणाल. धुण्याचाच प्रश्न असता तर सगळ्यांनाच कागदी कप दिले असते. वयस्करांना बरे पडतात म्हणाल, तर तुमच्या तरुण संघातली विशीची पोरंही चिनी मातीच्याच कपातून पीत असणार. आणि त्या चाळीस जणांत एखादा साठीचा माणूस नसेल असं मला वाटत नाही. कप वयाप्रमाणे वाटले जात नाहीत. ते कसे वाटले जातात हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच ते वाक्य कंसात गेलं.

मी तुमच्यावर रागावले आहे, ते लपवत नाही. तुमच्या मिस्टरांवर मला तेवढा राग आला नाही, कारण ते जे आहे ते मीटिंगमध्ये उभं राहून बोलतात. त्यांना उत्तर देता येतं. पाळकसाहेब देतायतही. तुमच्या ट्रेला कुणी उत्तर द्यायचं? तुम्ही हसतमुखाने येता, एका हाताला चिनी मातीचे कप, दुसऱ्या हाताला कागदी, वर बिस्किटाची बशी. कोण आपला आणि कोण पाहुणा हे सगळ्या हॉलला कळतं आणि तोंडातून एक शब्दही जात नाही. चहा चांगला असतो, पैसेही तुमचेच. हे कुणाला बोलून दाखवायची सोयच तुम्ही ठेवलेली नाही.

आता माझी गोष्ट ऐका. माझे वडील शेवगाव तालुक्यातल्या एका गावात शिक्षक होते. एकदा काही कागदावर सही हवी म्हणून ते गावातल्या एका मोठ्या घरी गेले, मला बरोबर घेऊन. मी सात-आठ वर्षांची होते. ओट्यावर बसायला सांगितलं, चहा झाला. घरातल्या बाईंनी गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्याकडे नुसता हात केला. तिथे एक कप पालथा घातला होता, कान तुटलेला, कडेला निळी रेघ. वडिलांनी तो काढला, फुंकर मारून धूळ उडवली, रांजणाजवळ उभे राहिले. बाईंनी वरून पाणी ओतलं, वडिलांनी कप विसळला, पुढे धरला. चहा वरून पडला. पिऊन झाल्यावर त्यांनी तो पुन्हा धुतला आणि होता तसा पालथा घातला. बाई चांगल्या होत्या. मला गूळ दिला, डोक्यावरून हात फिरवला असता तर मला आवडलं असतं, पण गूळसुद्धा वरूनच पडला. परत येताना वडील बांधाबांधाने पुढे चालत राहिले, घर येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. आमच्या आजोबांच्या काळापासून आम्ही ख्रिस्ती. कोनाड्यातल्या कपाला त्याने काही फरक पडला नव्हता.

तुमचं माहेर राहुरीकडचं आहे. तुमच्या घरात असा कप कुणी पाहिला का, मला माहीत नाही. आई असेल तर तिला विचारा. नगर जिल्ह्यातल्या आपल्या बहुतेक घरांत ही गोष्ट एक पिढी मागे सापडते, फक्त मुलांना कुणी सांगत नाही. आणि आपल्याआपल्यातही, कुठलं घराणं गावकुसाबाहेरच्या कुठल्या वाड्यातून आलं, हे सोयरीक जुळवताना अजून हळूच विचारलं जातंच.

चहावरून मराठी मुलखात केवढं रामायण झालंय, तेही तुम्हाला आठवायला हवं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली बडी मंडळी जमली होती. टिळक होते, रानडे होते. व्याख्यानं झाल्यावर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी मान राखायचा म्हणून कप हातात धरून खाली ठेवला. नावं छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकायचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली, पुढे न्यायमूर्ती रानड्यांनीसुद्धा प्रायश्चित्त घेतलं. तेव्हा विटाळ कुणाच्या कपाचा होता? ख्रिस्ती माणसाच्या. चर्चच्या आवारातला चहा प्याला म्हणून माणसं वाळीत पडायची वेळ आली होती. आज त्याच चर्चच्या आवारात कपाटाची चावी आपल्या हाती आली, तर आपण काय केलं? दुसरा कप आणला.

आता तुमच्या बॅनरकडे येते. वचन सुंदर आहे, मलाही लहानपणापासून पाठ आहे. पण ते तिसऱ्या अध्यायात आहे. एक पान मागे जाऊन दुसरा अध्याय वाचा. अंत्युखिया शहरात पेत्र आधी परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीत जेवत होता. मग यरुशलेमेहून, याकोबाकडून, काही माणसं आली आणि तो हळूहळू त्या पंगतीतून मागे सरला. तोंडाने त्याने काही नाकारलं नाही. आलेल्या माणसांना काय वाटेल या भीतीने तो फक्त वेगळा बसला. त्याचं बघून बाकीचेही सरले, बर्णबासारखा माणूससुद्धा. आणि पौल त्याला सगळ्यांदेखत तोंडावर बोलला, कारण तो दोषी ठरला होता, असं पौलाने स्वच्छ लिहून ठेवलंय. तुम्ही बॅनरवर घालताय ते वचन त्या पंगतीच्या भांडणाच्या पाठोपाठ येतं. कोण कुणाबरोबर खातो-पितो, यावरून ते पत्र पेटलेलं आहे. फ्लेक्सवर छापायला म्हणून ते लिहिलेलं नव्हतं.

आणि त्याच अंत्युखियाच्या मंडळीचे पुढारी कोण, ते प्रेषितांची कृत्ये तेराव्या अध्यायात नावानिशी दिलंय. त्यात निग्र म्हटलेला शिमोन आहे. निग्र म्हणजे काळा. त्याच्या शेजारी कुरेनेकर लूक्य आहे, आणि कुरेने म्हणजे आजच्या लिबियातलं गाव, आफ्रिकेतलं. येशूच्या अनुयायांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा ज्या गावात मिळालं, त्या गावच्या मंडळीत ही माणसं पुढे बसत होती. नगर-राहुरीत सुवार्ता पोचायच्या अठराशे वर्षं आधीची ही गोष्ट. आपल्या हॉलमध्ये कोण कुणाचा पाहुणा, हे ठरवायच्या आधी एवढं तरी वाचू या.

वयस्करांना त्रास होतो, असं तुम्ही सुचवता. हे वाक्य मला फार घाबरवतं, आणि त्याला कारण आहे. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्च होतं, गोऱ्यांनी चालवलेलं. १८२९ साली त्यांच्या सिनॉडने, म्हणजे चर्चच्या मोठ्या सभेने, ठरवलं होतं की प्रभुभोजन सगळ्यांना एकत्रच द्यायचं, रंग पाहायचा नाही. १८५७ साली तो विषय पुन्हा आला. त्यांनी तत्त्व बदललं नाही. एकत्र उपासनाच योग्य आणि शास्त्राला धरून आहे, असंच लिहिलं. फक्त पुढे जोडलं की 'काहींच्या दुर्बलतेमुळे' अडचण येत असेल तिथे काळ्या विश्वासणाऱ्यांची उपासना वेगळ्या इमारतीत झाली तरी चालेल. एवढीच सवलत, काही दुखऱ्या मनांसाठी. १८८१ साली त्यांच्यासाठी वेगळं मिशन चर्चच निघालं. १९४८ साली तिथल्या सरकारने वर्णभेद हे देशाचं धोरण केलं, तेव्हा त्याला शास्त्राचा आधार शोधून द्यायला याच चर्चमधली विद्वान माणसं पुढे होती. त्या वेगळ्या काढलेल्या मिशन चर्चला १९८६ साली बेलहार इथली विश्वासाची कबुली स्वीकारून सांगावं लागलं की एकी हे ख्रिस्ताचं देणं आहे आणि माणसांना रंगावरून वेगळं करणारी शिकवण आम्ही नाकारतो. मधे सव्वाशेच्या वर वर्षं गेली. सुरुवात कुणा दुष्ट माणसाने केली नव्हती. दोन्ही बाजू शांत राहाव्यात असं वाटणाऱ्या माणसांनी केली होती.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं तुम्हाला हवं तसं उत्तर माझ्याकडे नाही. दोन्ही बाजूंना शांत कसं ठेवायचं हे मी सांगणार नाही. सहा कुटुंबं जायची असतील तर जातील, त्यांच्या पाठी धावणं हे पाळकसाहेबांचं काम आहे. ढोलाचं म्हणाल तर आपल्या भजनांत ढोलकी-झांजा कुणी आणल्या आणि त्या वेळी कोण नाराज झालं होतं, हे कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारा. पोलिसांच्या धाडींबद्दल एकच सांगते. पेपरातल्या माणसाचं नाव तुमच्या लक्षात राहतं आणि दोन वर्षं तुमच्याच हॉलमध्ये प्रार्थना करणाऱ्या मुलीचं नाव तुम्ही मला लिहू शकला नाहीत.

हो, तीच, 'मम्मा' म्हणणारी. तुमच्या पत्रात ती फक्त 'त्यांच्यातली एक मुलगी' आहे. नायजेरियातल्या योरुबा लोकांत मुली मोठ्यांपुढे गुडघे टेकतात, जसे आपण वाकून पाया पडतो. ती तुम्हाला आई मानून घरचा रिवाज पाळते. गुडघे टेकून उठते आणि तुम्ही तिच्या हातात कागदी कप देता. तिला कळत नसेल असं समजू नका. माझे वडीलही कधी काही बोलले नव्हते.

कपाटाची चावी तुमच्याकडे असणार, महिला मंडळाच्या सेक्रेटरीकडेच असते. येत्या पहिल्या रविवारी कागदी कप आणायचे नाहीत. कमिटीची परवानगी मागू नका, मिस्टरांना आधी सांगू नका, पाळकसाहेबांनाही नाही. सांगितलंत की त्यावर मीटिंग होईल. शनिवारी संध्याकाळी जा, सगळे कप काढा, धुवा, पुसा, टेबलावर मांडा. एकच रास करा, दोन राशी नाहीत. मुलं तुमच्याबरोबर येतील, जेवणाच्या टेबलावर बोलत नसली तरी कप पुसायला येतील. तुमच्या सासऱ्यांचं नाव त्या कपांवर छापलेलं असेल तर फार चांगलं, त्यांच्या स्मरणाला चाळीस माणसं वाढली.

उपासना संपली की ट्रे दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका. तुम्ही तोच धरायचा. ती मुलगी येईल, गुडघे टेकेल. तिला उठवा, नाव विचारा, नीट उच्चारता येईपर्यंत दोनदा म्हणून घ्या, आणि पहिला कप तिला द्या. दुसरा मिस्टरांना, त्याच ट्रेमधला. त्यांनी घेतला तर ठीक, नाही घेतला तर पुढच्या माणसाकडे जा, थांबू नका. शेवटचा तुमचा, आणि तो त्या मुलीशेजारी बसून प्यायचा. नंतर कप विसळायला तिला हाक मारा. ती तुम्हाला मम्मा म्हणते, तर मुलीला सांगावं तसं हक्काने सांगा. तुम्ही घासा, तिने पुसावेत, आणि सगळे एकाच कपाटात ठेवून कुलूप लावा.

मग मला पत्र लिहा. या वेळी तिच्या नावाने सुरुवात करा.

तुमची,
ताई