विजयदुर्गाच्या बुरुजावरून १७५६ चं आरमार दाखवायचंय: एआर चष्मा, हेडसेट की मोबाईल?

बुरुजावर उभ्या पर्यटकाला वाघोटण खाडीत नांगरलेली तुळाजी आंग्र्यांची गलबतं दिसावीत आणि त्यासाठी कोणता डिस्प्ले घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. उघड्यावर दाखवायचं असेल तर पारदर्शक काचेचा एआर चष्मा, म्हणजे खऱ्या दृश्यावर संगणकी चित्र दाखवणारा चष्मा, मनातून काढून टाका.

कारण साधं आहे. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ सारखा चष्मा खऱ्या दृश्यावर उजेडाची भर घालतो, दृश्यातून उजेड काढून घेऊ शकत नाही. काळा रंग त्याच्या लेखी पारदर्शक. म्हणजे उजळ आकाशासमोरचं गडद लाकडी गलबत, नेमकं तुम्हाला हवं तेच, त्यावर काढताच येत नाही. शिडं पांढरी केली तरी भागत नाही. दुपारी क्षितिजाजवळचं आकाश ५००० निट (निट म्हणजे उजळपणा मोजायचं एकक) धरा आणि चष्म्याचे साधारण ५०० निट त्यात मिळवा. फरक जेमतेम १० टक्के, म्हणजे भुतासारखी पुसट आकृती. शिवाय चित्र दिसतं तो आडवा कोन फक्त ४३ अंश, त्यामुळे मान वळली की अर्धं आरमार कापलं जातं. मॅजिक लीप २ या दुसऱ्या चष्म्यात २००० निटपर्यंत उजेड आहे आणि काच गडद करायची सोय आहे. पण गडद केली की किल्लाही संध्याकाळसारखा दिसतो. आणि होलोलेन्सचं उत्पादन २०२४ मध्येच बंद झालंय.

क्वेस्ट ३ सारखा हेडसेट कॅमेऱ्यातून बाहेरचं दृश्य दाखवतो, त्यामुळे गडद गलबत त्यात नीट उमटतं. अडचण वेगळीच: त्याच्या भिंगांवर थेट ऊन पडलं तर ते आतल्या पडद्यावर एकवटतं आणि कायमचा डाग पडतो. हेडसेट काढून क्षणभर उलटा ठेवला तरी हे होऊ शकतं. वजन ५१५ ग्रॅम, त्यात कोकणातला घाम: चार माणसांनी घातल्यावर फोमची गादी ओली होते आणि भिंगांवर वाफ धरते. कठडा नसलेल्या तटावर कुणाला डोळे झाकून उभं करणं तर मला पटतच नाही. तिकीट खिडकीजवळच्या खोलीत, खुर्चीवर बसवून दाखवायला मात्र उत्तम.

राहिला मोबाईल. इथे उजेडापेक्षा दिशा फसवते. होकायंत्र ५ अंशांनी चुकलं तर ४०० मीटरवरचं गलबत ३५ मीटर सरकतं आणि खाडीपलीकडच्या डोंगरावर चढतं. जवळ लोखंडी तोफ असेल तर चूक आणखी वाढते. फोन कुठे वळला याचा माग कॅमेऱ्याने ठेवायचा तर स्थिर खुणा लागतात. जांभ्याच्या खडबडीत चिऱ्यांवर त्या भरपूर मिळतात, हलत्या पाण्यावर एकही नाही. म्हणून सुरुवातीला पडद्यावर पलीकडच्या डोंगराची कडा रेघेने दाखवा आणि पर्यटकाला ती खऱ्या कडेवर बसवायला सांगा. दिशा तिथून धरा, होकायंत्रावरून नको. बुरुजाआड जाणारं गलबत झाकायला बुरुजाचं ढोबळ संगणकी मॉडेल त्याच जागी अदृश्य ठेवावं लागतं, नाहीतर गलबत तटावरून तरंगतं.

दुसरा त्रास तापण्याचा. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो. एप्रिलच्या उन्हात कॅमेरा, जीपीएस आणि ग्राफिक्स एकदम चालले की फोन तापतो आणि स्वतःहून पडदा मंद करतो, तेही जास्त उजेड हवा असतो तेव्हाच. प्रत्येक दृश्य मिनिटा-दीड मिनिटात संपवा, सेकंदाला ३० फ्रेमवर चालवा, फोन खाली धरला की कॅमेरा बंद करा. ध्रुवीकृत गॉगल लावलेल्याला पडदा काही कोनांत काळाच दिसतो, ही सूचना आधीच द्या.

पण तुमची जागा ठरलेली आहे, तेव्हा माझं मत सरळ आहे: दुर्बिणीसारखा फिरणारा टॅब्लेट-स्टँड करा. दोन अक्षांवर १२ बिटचे एन्कोडर, म्हणजे फिरण्याचा कोन मोजणारे सेन्सर, बसवले की पायरी ०.०९ अंशाची पडते, म्हणजे ४०० मीटरवर ६० सेंटीमीटर. होकायंत्र नको, कॅमेऱ्याचा माग नको, हात भरून येत नाहीत आणि कुणाचा फोन समुद्रात पडत नाही. ऊन अडवायला पडद्याभोवती २० सेंटीमीटरची काळी झडप लावा. स्टील ३१६ दर्जाचं घ्या, ३०४ ला खाऱ्या वाऱ्यात तांबूस ठिपके येतात. काच कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण चरे पाडतात. आधी गोड्या पाण्याने ओलं केलेलं फडकं फिरवा. किल्ला संरक्षित स्मारक आहे, चिऱ्यांत भोक पाडता येणार नाही. स्टँड वजनावर उभा राहील असा करा आणि पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आधी घ्या.

पडद्यावरच्या मजकुराबद्दल एक. देवनागरीत अनुस्वार आणि रफार आधी गायब होतात, तेव्हा इंग्रजीसाठी ठरवलेला आकार जसाच्या तसा वापरू नका. दीडपट मोठा, जाड वळणाचा फाँट, मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी, आणि एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको. बाकी माहिती आवाजात द्या, पण स्पीकर वाऱ्याकडे पाठ करून बसवा.