पंचनाम्यातले 60 टक्के आणि विम्याचे टक्के: माझा 80 आरचा अनुभव

दादा, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. तलाठ्यानं पंचनाम्यात 60 टक्के नुकसान लिहिलं, मग पीक विम्याचे 60 टक्के का आले नाहीत, हा तुमचा पहिला प्रश्न. सोयाबीन 30 टक्के पडून परत 30 टक्के वाढलं तरी जुना भाव का येत नाही, हा दुसरा. 2022 च्या खरिपानंतर मी अगदी हेच विचारत तालुक्याला हेलपाटे घालत होतो. म्हणून जरा लांबलचक लिहितो. आधीच सांगतो, मी विमा कंपनीचा माणूस नाही की सीए नाही, साडेचार एकरांचा शेतकरी आहे. विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात, तेव्हा यंदाचा जीआर स्वतः बघा.

टक्केवारी कशी काढायची ते सांगत बसत नाही, भागाकार-गुणाकार तुम्हाला येतोच. घोळ तिथं नसतोच. घोळ असतो तो "कशाचे टक्के" यात.

भावाचं आधी उरकतो. 7,000 चा भाव 30 टक्के पडला म्हणजे 2,100 गेले, राहिले 4,900. आता 30 टक्के वाढ धरायची ती 4,900 वर, म्हणजे 1,470. झाले 6,370. पडताना मोठ्या आकड्यावर मोजलं, चढताना लहान आकड्यावर. परत 7,000 व्हायला जवळपास 43 टक्के वाढ लागते. निम्म्यानं पडलेला भाव बरोबरीला यायला दुप्पट व्हावा लागतो. माझं मत विचाराल तर "इतके टक्के वाढला की माल काढतो" असं कधीच ठरवू नका. रुपयांत ठरवा, 6,500 की 7,000, आणि तो आकडा कणगीवर खडूनं लिहून ठेवा.

आता विमा. पंचनाम्यातला टक्का आणि विम्याचा टक्का यांचा एकमेकांशी संबंध नाही. अतिवृष्टीचा सरकारी पंचनामा फक्त एवढंच बघतो की नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त आहे का. त्या रेषेच्या पलीकडे गेलात की मदत ठरलेल्या हेक्टरी दरानं मिळते. केंद्र सरकारच्या 2022-23 ते 2025-26 च्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये होते, राज्य कधी वर भर घालतं. म्हणजे 35 टक्केवाल्याला आणि 95 टक्केवाल्याला हेक्टरी रक्कम सारखीच. तुमचे 60 लिहिले काय, 80 लिहिले काय, त्या पैशात फरक पडत नव्हता. मी त्या आकड्यासाठी आमच्या तलाठ्याशी वाद घातला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण त्याचा काही उपयोग नाही हे सांगितलं नाही.

विम्याचं माप वेगळं. पीक कापणी प्रयोग, म्हणजे ठरावीक रानांत पीक कापून उत्पादन मोजणं, होतात ते महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) पातळीवर, तुमच्या बांधावर नाही. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन सरासरी काढतात, तिला जोखीमस्तरानं, म्हणजे विमा सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत हमी देतो त्यानं, गुणतात. आपल्याकडं तो 70 टक्के. त्याला म्हणतात उंबरठा उत्पादन. हिशोब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल करतो. सरासरी हेक्टरी 20 क्विंटल असेल तर उंबरठा 14. मंडळात यंदा 10 क्विंटल निघालं. तुम्ही-आम्ही म्हणणार, 20 चे 10 झाले, 50 टक्के नुकसान. विमा म्हणतो, 14 चे 10 झाले, तूट 4, म्हणजे 28.57 टक्के. संरक्षित रक्कम, म्हणजे विमा उतरवलेली रक्कम, हेक्टरी 50,000 असेल तर मिळणार 14,285. आणि मंडळात 15 निघालं तर या मापानं एक रुपयाही नाही, मग तुमच्या एकट्याच्या रानात गुडघाभर पाणी का असेना.

हे न्याय्य आहे का? मला वाटत नाही. उंबरठा सरासरीच्या 70 टक्क्यांवर ठेवला म्हणजे पहिलं 30 टक्के नुकसान शेतकऱ्यानं मुकाट सोसायचं. ते कुठंही ठळक अक्षरात सांगत नाहीत. पण सूत्र हेच आहे, आणि अर्ज करताना सूत्राविरुद्ध भांडलात तर तो अर्ज फाईलमध्ये पडून राहतो.

इथंच माझी मोठी चूक झाली. दुसऱ्या कुणाची होऊ नये म्हणून सगळं सांगतो.

माझं सोयाबीन 1 हेक्टर 80 आर. मी मनात हिशोब मांडला: निम्मं पीक गेलं, 90,000 चे 50 टक्के, 45,000 येणार. त्या भरवशावर मोटार आणि पाइप उधारीवर आणले, 40,000 चे, शेकडा तीननं. खात्यात आले 11,428. मी हबकलो. तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो, नाव घेत नाही. खिडकीवरचा माणूस म्हणाला, सिस्टिमनं काढलेलं आहे. मी म्हणालो, पण 50 टक्के नुकसान आहे. तो म्हणाला, लेखी द्या. दिलं. पंधरा दिवसांनी गेलो तर साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला म्हणाले, हे आमच्याकडं येत नाही, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो तर म्हणाले, तालुक्यातूनच अहवाल यावा लागतो. सहा खेपा झाल्या. प्रत्येक वेळी एका दिवसाची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं वेगळं. सहाही खेपांत एकानंही माझी विम्याची पावती हातात घेऊन वाचली नाही. आणि खरं दुखणं हे की मीही वाचली नाही.

पावती घरी रेशनकार्डाच्या पिशवीत होती. पुतण्या बारावीला होता, त्यानं एका संध्याकाळी ती काढली आणि विचारलं, काका, तुम्ही हप्ता किती भरला होता? 800 रुपये. तेव्हा खरिपाला शेतकऱ्याचा हिस्सा 2 टक्के होता. तो म्हणाला, 800 हे 40,000 चे 2 टक्के होतात. तुमची रक्कम 90,000 असती तर हप्ता 1,800 लागला असता. मग 40,000 भागिले 50,000. 0.80. पावतीवर क्षेत्र छापलेलं होतं: 0.80 हेक्टर. अर्ज भरताना सेवा केंद्रावरच्या पोरानं 1.80 चं 0.80 केलं होतं. मी 1,000 रुपये दिले, 200 परत आले, ते खिशात टाकले. शेजारच्यानं जास्त भरले तर मला वाटलं, त्याचं रान जास्त.

28.57 टक्के बरोबर होते. ते ज्याच्यावर लावले ती रक्कम चुकीची होती. 90,000 चे 28.57 टक्के म्हणजे 25,714. माझे 14,286 रुपये त्या एका आकड्यात गेले, आणि मी चार महिने जो टक्का बरोबर होता त्याच्याशीच भांडत बसलो. दुरुस्ती करायची तर ती अर्ज भरायच्या मुदतीतच व्हायला हवी होती. पाइपांच्या उधारीचे उरलेले साडेअठ्ठावीस हजार, त्याचं महिन्याला साडेआठशे नुसतं व्याज, पुढचं सोयाबीन येईपर्यंत भरलं. शेकडा तीन ऐकायला हलकं वाटतं. ते महिन्याचं असतं, वर्षाला 36 टक्के होतात. बँकेच्या दराशी ते शेजारी ठेवून बघत जा.

तेव्हा तुम्ही आज रात्री एवढंच करा. पावती काढा. संरक्षित रकमेला हेक्टरी रकमेनं भागा, तुमचं क्षेत्र यायला हवं. मग ते सातबारा आणि ई-पीक पाहणीशी (मोबाइलवरच्या पीक नोंदीशी) ताडून बघा. हप्त्यावरून उलटा हिशोब करायचा असेल तर जपून करा. 2023 आणि 2024 ला विमा एक रुपयात होता, त्या वर्षांत तो चालत नाही. 2025 च्या खरिपापासून परत टक्क्यानं हप्ता आहे, पण 2 टक्के ही खरिपाची कमाल मर्यादा आहे, काही ठिकाणी त्याहून कमी बसतो. कापसाला मर्यादा 5 टक्के, रब्बीला दीड. आणि कुठंही अर्ज दिलात तर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, शिक्का आणि तारीख दोन्ही.

विषय निघालाच आहे तर आडतीवरचंही सांगतो, तिथं हाच घोळ रोज होतो. 2024 च्या नोव्हेंबरात सोयाबीनच्या हमीभाव खरेदीला ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्के केली. कुणी म्हणालं 3 टक्के सूट, कुणी म्हणालं 25 टक्के. दोघंही आपापल्या जागी बरोबर: फरक 3 अंकांचा, वाढ 12 च्या 25 टक्के. ओला माल घरी वाळवायचा की कडता (वजनातली कपात) देऊन विकायचा, हे ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. 18 टक्के ओलाव्याचा क्विंटल 12 वर आणला तर वजन 6 किलोनं घटत नाही, 6.82 किलोनं घटतं, कारण सुकं दाणं 82 किलो तेवढंच राहतं आणि ते आता 88 टक्के झालेलं असतं. व्यापाऱ्यानं 7 किलो कापले तर लुटलं म्हणून ओरडू नका. 10 कापले तर हा हिशोब त्याच्यासमोर मांडा.

पैसेवारीचंही, म्हणजे गावात पीक किती आलं याच्या महसूल खात्याच्या अंदाजाचंही, तसंच. 47 पैसे आली म्हणजे 47 टक्के नुकसान नाही, 47 टक्के पीक हाती आलं. मी सुशिक्षित माणसं यात अडखळताना पाहिली आहेत. जायकवाडीच्या बातम्यांतही बघा, धरण 50 टक्के भरलं म्हणतात ते 76.65 टीएमसी (अब्ज घनफूट) जिवंत, म्हणजे वापरता येणाऱ्या साठ्याचे 50 टक्के. खालचे 26 टीएमसी त्यात धरलेलेच नसतात, म्हणून शून्य टक्के म्हटलं तरी नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पाणी दिसतं.

तुमच्या पोस्टमध्ये मंडळाचं नाव आहे, पण क्षेत्र, संरक्षित रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम नाही. हे तीन आकडे खाली टाका, आधार आणि खाते क्रमांक झाकून. मी आणि पुतण्या उद्या सकाळी बसून मांडून बघतो. आकडा जुळला तर पुढची खेप तरी वाचेल. जुळला नाही तर अर्जात "60 टक्के नुकसान" हे वाक्यच लिहू नका, फक्त क्षेत्र लिहा आणि सातबारा जोडा.