पॅक बंद करा, हंडा आणा

"पॅकांमधून पाच हजार सॅम्पल (तयार आवाजांचे तुकडे) जमवले, तरी माझे ड्रम सगळ्यांसारखेच वाजतात. वेगळे आवाज लोकांना सुचतात तरी कुठून?" असं तुम्ही विचारलंय. एखाद्या प्लगइनचं (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचं) नाव विचारलं असतंत तर एका ओळीत मोकळी झाले असते. प्रश्न सुचण्याचा आहे, म्हणून जरा लांबण लावते.

'आज काहीतरी वेगळं करू' म्हणून मी जितक्यांदा बसले, तितक्यांदा हात हलवत उठले. उलट एखाद्या नेमक्या आवाजाची नक्कल करायला घेतली आणि ती धड जमली नाही, की कामाचं काहीतरी हाती लागलं. ८०८चंच बघा. रोलंड कंपनीने टीआर-८०८ हे ड्रम मशीन काढलं १९८० साली. त्यात ध्वनिमुद्रित आवाज एकही नाही, सगळा खेळ सर्किटचा. झांजेसाठी एकमेकींशी न जुळणाऱ्या सहा स्क्वेअर वेव्ह (चौकोनी आकाराच्या विद्युत लहरी) एकत्र करून फिल्टरमधून गाळल्यात. काउबेलला तर दोनच, एक साधारण ५४० हर्ट्झची आणि दुसरी ८००ची. टाळी म्हणजे नॉइजचे, म्हणजे नुसत्या खरखरीचे, पाठोपाठ दोन-चार झटके आणि मागे विरत जाणारं एक शेपूट. खऱ्या ड्रमसेटच्या शेजारी ठेवलं तर सपशेल फसलेली नक्कल. १९८३मध्ये उत्पादनही थांबलं. पुढे सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळायला लागलं, तेव्हा हिपहॉप आणि टेक्नोवाल्यांनी ते उचललं, आणि आज लोक त्याच फसलेल्या काउबेलची नक्कल करतात. आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंगांनी १९८२ सालीच ८०८ आणि टीबी-३०३ हा बास सिंथ घेऊन राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. त्याच ३०३च्या आवाजावर उभं राहिलेलं अ‍ॅसिड हाउस हे नाचाचं संगीत शिकागोत ऐकू यायला तेव्हा अजून अवकाश होता.

तर पहिलं काम: नक्कल कशाची करायची ते ठरवा, आणि ते ड्रम मशीन नसू दे.

मी डग्ग्यापासून सुरुवात केली. इलेक्ट्रॉनिक किक (ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा जड ठोका) कशी बनते ते तुम्हाला माहीत असेलच. साइन वेव्ह, म्हणजे एकाच शुद्ध स्वराची लहर घ्यायची, तिचा पिच (सूर) वरून, समजा २०० हर्ट्झवरून, झपकन ५०वर पाडायचा. डग्ग्यावर 'घे' हा बोल ऐका: बोटांचा आघात झाल्यावर वादक तळहाताची टाच कातड्यावर दाबत पुढे सरकवतो आणि सूर वर चढतो. म्हणजे वळण उलटं. मी किकचा नेहमीचा उतार तसाच ठेवला आणि साठ-सत्तर मिलिसेकंदांनंतर पिच पुन्हा चार-पाच स्वर वर नेला. डग्गा अजिबात वाटला नाही. पण ती किक सहा-सात ट्रॅकमध्ये वापरलीय आणि अजून कोणी ओळखलेली नाही.

त्याच नादात तबल्यावरच्या काळ्या शाईकडे वळले. साधं ताणलेलं गोल कातडं वाजवलं तर त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येत नाहीत. गणिताने ते १.५९, २.१४, २.३० अशा आडनिड्या पटींत पडतात, म्हणून हलगीला ठाम सूर सापडत नाही. तबल्या-मृदंगावर मधोमध चढवलेल्या शाईच्या वजनामुळे हेच स्वर सरकून जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट असे बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच हे दाखवून दिलं होतं. आता कुठल्याही सिंथमध्ये चार साइन समांतर लावा, एकमेकींना मॉड्युलेट न करता, म्हणजे एकीने दुसरीला न बदलता. त्यांच्या स्वरांच्या पटी १, २, ३, ४ ठेवल्यात तर तबल्याच्या बाजूला झुकेल, १, १.५९, २.१४, २.३० ठेवलंत तर हलगीच्या. आणि मधलेच आकडे घेतलेत, १, १.८, २.५, ३.१ असे काहीतरी, तर अर्धवट शाई लावलेलं वाद्य मिळतं. असं वाद्य कुणी बनवत नाही. वरच्या साइन लवकर विझू द्या, खालची रेंगाळू द्या, नाहीतर घंटा वाजल्यासारखं होतं. या एका खेळात माझा अख्खा पावसाळा गेला.

दुसरा झरा म्हणजे बिघडलेलं रेकॉर्डिंग. विसर्जन मिरवणुकीत फोनवर ढोल-ताशा रेकॉर्ड करून आणला. घरी ऐकला तर ढोलाचा ठोका पडला की ताशा दबतोय, मग श्वास घेतल्यासारखा फुगून वर येतोय. फोन आपणहून पातळी कमी-जास्त करतो, त्याचा हा प्रताप. टाकून देणार होते, मग लक्षात आलं की क्लबमध्ये आपण साइडचेन लावून, म्हणजे एका आवाजाच्या जोरावर दुसरा दाबून, हेच तर करतो! आता कुठल्याही पर्कशनच्या लूपवर तसंच करते: कॉम्प्रेसरचा (मोठा आवाज दाबणाऱ्या साधनाचा) अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, अगदी कमी, रिलीज, म्हणजे सोडायला लागणारा वेळ, पाव सेकंदाच्या आसपास, आणि ट्रिगर, म्हणजे त्याला चालना देणारा आवाज, त्या लूपमधलाच सगळ्यात जड ठोका.

घरातल्या वस्तूंबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. बाजारात पाच-दहा रुपयांना पिएझोची चकती मिळते, ती कंपनांचं विजेत रूपांतर करते. ती वस्तूला चिकटवून ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या पेटीच्या) गिटारच्या इनपुटमध्ये घाला. लाइन इनपुटला लावलीत तर खालच्या पट्टीतला आवाज गायब होतो. स्टीलच्या हंड्यात एक-तृतीयांश पाणी घाला, कडेवर लाकडी पळीने वाजवा आणि लगेच हंडा कलता करा. जलतरंगाचंच तत्त्व, पाणी वाढलं की सूर उतरतो. इथे पाणी हलत असल्यामुळे सूर डुचमळतो. असा टॉम (ड्रमसेटमधला सुरावर जाणारा ढोल) कुठल्या पॅकात मिळणार? रेकॉर्डिंग जमलं तर ९६ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला ९६ हजार नोंदी) करा. ४४.१वर घेतलेला आवाज दोन सप्तकं खाली आणला की साडेपाच किलोहर्ट्झच्या वर काही उरतच नाही. अर्थात माइकलाच वरचं ऐकू येत नसेल तर ९६चा उपयोग शून्य.

मग कात्री. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये (कार्यक्रमांसाठी इलेक्ट्रॉनिक आवाज बनवणाऱ्या विभागात) डेलिया डर्बिशायर धातूच्या लॅम्पशेडवर ठोका मारायची, रेकॉर्डिंगमधून तो ठोकाच वगळायची आणि मागचा घुमारा तेवढा वापरायची. मी उरलेला तुकडाही वापरते: पाट्यावर वरवंटा आपटल्याचे पहिले दहा मिलिसेकंद, आणि पुढे हंड्याचा घुमारा. जोड जिथे येते तिथे दोन्ही लहरी एकाच दिशेला जातायत ना ते झूम करून बघा. उलट असतील तर त्या एकमेकींचा खालच्या पट्टीतला दम खाऊन टाकतात आणि तुम्ही उगाच इक्यू (कुठली पट्टी किती ऐकू यावी ते ठरवणारं साधन) फिरवत बसता.

शेपटीची लांबी मात्र टेम्पो बघून ठरवा. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) एक ठोका जेमतेम ४६९ मिलिसेकंदांचा. डुचमळणारा टॉम तेवढ्यात आटपत नाही, पुढच्या किकच्या अंगावर येतो.

आणि हंडा घेण्याआधी घरी विचारा. आमच्या हंड्याला पोचा आलाय. सूरही थोडा बदललाय, तेव्हा पोच्याआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही रेकॉर्डिंग मी जपून ठेवलीत; सासूबाईंना फक्त पोचा दिसतो.