सुटा सेल विकताना कुणी काय सांगायचे?

प्रश्न : मालवणात माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. डोक्याला बांधायच्या बॅटरीसाठी १८६५० चे (चार्ज होणारे, बोटाएवढे लिथियम-आयन) सुटे सेल ठेवतो. पावसाच्या तोंडावर चढणीचे मासे, कुर्ल्या धरणारे ते नेतात. हल्ली काही पर्यटक व्हेपसाठी (ई-सिगारेटसाठी) तेच सेल मागतात, कुणी व्हेपच ठेवा म्हणतात. धोक्याची सूचना द्यायची जबाबदारी कंपनीची की माझी?

उत्तर : व्हेपचे आधी निकालात काढू. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, साठा, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. निकोटिन नसले तरी आणि नुसता सुटा भाग विकला तरीही. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे सूचनापत्रक देऊन सुटका नाही. सेल व्हेपसाठी हवाय असे गिऱ्हाईक स्वतःच सांगत असेल, तर सरळ नाही म्हणा.

बॅटरीच्या सेलचे मात्र दोघांवरही येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ८४ : योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा दिला नाही, तर नुकसानीला उत्पादक जबाबदार. कलम ८६ : कंपनीचा इशारा विक्रेत्याने गिऱ्हाइकापर्यंत पोचवला नाही आणि त्यामुळेच इजा झाली, तर विक्रेता जबाबदार. सुट्या सेलवर पुष्कळदा कंपनीचे नावच नसते. उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर त्याच कलमाखाली दावा तुमच्यावर येतो. म्हणून बिलाशिवाय, नावाशिवायचा माल घेऊच नका. ‘९९०० एमएएच’ (सेलमध्ये किती वीज मावते त्याचे माप) छापलेला सेल दिसला की खोटा माल ओळखा. या आकारात चांगल्या कंपन्याही साधारण ३५०० च्या आसपासच थांबतात.

आता सांगायचे काय? या सेलचे सगळे पत्र्याचे अंग ऋण असते. धन टोकाभोवतीची कडसुद्धा ऋणच, मध्ये फक्त पातळ सील. वरचे प्लास्टिकचे वेष्टन नेमके त्या कडेला फाटते, मग धातूचा एक तुकडा दोन्हीला टेकला की शॉर्ट. खिशात किल्ली आणि नाण्यांसोबत टाकलेला सेल याच कारणाने पेटतो. सुट्या सेलला बहुतेक वेळा संरक्षक सर्किट नसते, त्यामुळे प्रवाह तोडणारे कुणीच नाही. तेव्हा सेल प्लास्टिकच्या डबीतूनच द्या आणि वेष्टन गिऱ्हाइकासमोर तपासा. चार्जर ४.२ व्होल्टला थांबणारा हवा. साधा सहा व्होल्टचा अडॅप्टर थेट जोडणारे महाभाग आहेत! चार्जिंग जाग असताना, फरशीवर, गादीवर नको. खाऱ्या पाण्यात पडलेला सेल पुसून परत लावू नये. मीठ आत राहते, ते पत्रा खाते.

प्रश्न : पॉवर बँक फुगली आहे. घंटागाडीत टाकू? (चिपळूण)

उत्तर : नको. दाबू, भोसकू, चार्ज करू नका. कोरड्या वाळूच्या मडक्यात घालून घराबाहेर, पडवीपासूनही लांब ठेवा. पुळणीतली (समुद्रकाठची) ओली वाळू चालणार नाही, खारे पाणी वीज वाहून नेते. मग ई-कचरा संकलन केंद्रात द्या. धूर निघू लागला तर लांबून भरपूर गोडे पाणी ओता, धूर नाकात जाऊ देऊ नका. पॉवर बँक वॉरंटीत असेल तर बिल आणि फोटो सांभाळा. दुकानदार दाद देईना, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.