सरकारने नव्या डेटा सेंटरना स्थगिती दिली तर खरंच फरक पडतो का?
हो, पडतो, सिंगापूरचा अनुभव तेच सांगतो. तिथे २०१९ पासून नव्या डेटा सेंटरना परवानगी थांबली. २०२० मध्ये देशाची सुमारे ७ टक्के वीज हीच केंद्रं खात होती. २०२२ मध्ये स्थगिती उठली, पण रान मोकळं सुटलं नाही. पुढच्या वर्षी फक्त चार प्रस्तावांना मिळून सुमारे ८० मेगावॉट मिळाले, तेही कडक अटीवर: सर्व्हरला १ युनिट लागत असेल तर एसी, दिवे सगळं धरून मीटरवर १.३ युनिटच्या वर जायचं नाही. माझ्या मते खरी कमाई ही अटच. मात्र मागणी आटली नाही. बरीचशी सामुद्रधुनीपलीकडे मलेशियातल्या जोहोरला गेली आणि वीज-पाण्याचा ताण आता तिथे जाणवतोय.